बिनमातीचं मैदान

समोर काहीही असो, पाण्याचा तांब्या, टीव्हीचा रिमोट नाहीतर चहाचा कप, मामा बोलण्याआधी त्यावर दोन बोटांनी टकटक करायचे आणि विचारायचे, “मागं ऐकू येतंय का?” मागं बहुतेक वेळा कुणीच नसायचं. भिंत असायची, किंवा आत त्यांची मुलगी भाकरी थापत असायची. ती तिथूनच ओरडायची, “येतंय अप्पा, अख्ख्या सोलापूरला येतंय!” मग मामा समाधानाने घसा साफ करायचे आणि सांगायचं ते सांगायचे. ते काय, तर वांगी महाग झाली.

प्रत्येक गल्लीला एक आवाज असतो. तुमच्याही गल्लीला असेल, आठवून बघा. आमच्या गल्लीचा आवाज मामांचा होता.

मामा महापालिकेत पाणी सोडायच्या कामाला होते. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून आले की बायका घागरी विसळायला लागत. आमच्या शहरात पाणी चार-चार दिवसांनी येतं. त्यामुळे मामांचा मान नगरसेवकापेक्षा मोठा. पण ही झाली नोकरी. त्यांचं खरं काम जत्रांच्या हंगामात सुरू व्हायचं. ते कुस्ती मैदानाचे निवेदक होते. पटका बांधून, हातात माईक घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे राहिले की हलगीवालाही जरा हळू वाजवायचा. मंद्रूपकडची मैदानं, अक्कलकोटच्या पलीकडची कर्नाटकातली मैदानं, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. तिकडे गेले की निम्मं कानडीत बोलायचे. पडलेल्या पैलवानाचं ते असं कौतुक करायचे की जिंकलेल्याला हेवा वाटावा.

मी त्याच गल्लीत लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवतो. मामा मला नावाने कधी हाक मारत नसत. “काय शूटिंगवाले,” म्हणायचे.

एकदा चावी फिरवताना ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, नोकरीचे उरलेले दिवस रजेतच गेले. मैदानात उभं राहणं संपलं. मामा कॉटवर बसून असायचे. टीव्हीवर कुस्ती लागली तर बंद करा म्हणायचे. गल्लीत पहिल्यांदाच इतकी शांतता झाली की वरच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट आमच्यापर्यंत ऐकू यायला लागला.

त्यांची मुलगी अश्विनी रेल्वेत तिकीट खिडकीवर होती. आई लवकर गेली, घरात बापलेक दोघंच. तिने एका मैत्रिणीकडून जुनं गेम खेळायचं यंत्र विकत आणलं होतं, टीव्हीला जोडायचं. त्यात एक कुस्तीचा गेम होता. कामावरून आली की ती कॉटच्या पायथ्याशी मांडी घालून खेळत बसायची. मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. पडद्यावर धूर निघाला, दणदणीत गाणं लागलं आणि त्यातून एक पैलवान चालत आला. मामा एका डोळ्याने बघत होते. “कुस्ती हाय का वरात?” ते म्हणाले.

अश्विनी खेळत राहिली. तिच्या गड्याला समोरच्याने खाली घेतलं. मामा कोपरावर उठले. “अगं, खांदा सोडव! खांदा!”

“कसा सोडवू? बटण कुठलंय तेच सापडत नाही.”

“बटण मला काय ठावं? तू खांदा सोडव!”

आणि तिने सोडवला. मामांनी रिमोट उचलला, दोन बोटं वाजवली, “मागं ऐकू येतंय का?” म्हणाले आणि सुरू झाले. “निळ्या चड्डीचा गडी, गाव कुटलं म्हाईत न्हाय, पण मान बघा मंडळी, मंद्रूपच्या बाजारातल्या खोंडावानी! आला आला, एकेरी पट काढला... सुटला! वा रे वा!” कुस्ती संपली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. अश्विनी गेम बंद करून बापाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्याकडे एखादा माईक आहे का हो?”

असं ते चॅनेल सुरू झालं. नाव मामांनीच दिलं, ‘बिनमातीचं मैदान’. अश्विनी खेळायची, मामा बोलायचे, मी माईक जोडून द्यायचो आणि सुरुवातीला व्हिडिओ चढवून द्यायचो. परदेशी पैलवानांना मामा गावं वाटून टाकायचे. एक टकला, अवाढव्य गडी होता, त्याला त्यांनी बार्शीचा करून टाकला होता. हळूहळू ऐकणारे वाढले. आखातात काम करणारा कुणीतरी लिहायचा की जेवताना हेच लावतो. कुणी लिहायचं, आमच्या गावच्या मैदानात तुम्हाला ऐकलंय मामा, पाय कसा आहे? मामा प्रत्येक निरोप अश्विनीकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. काठी टेकत ते गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले.

पहिला दणका बसला तो गाण्यामुळे. एका सकाळी व्हिडिओ लावला तर सगळा मुका. पडद्यावर कुस्ती चाललेली, आवाज नाही. मामांनी टीव्हीवर टकटक केलं, कान लावला. “माझा आवाज कापला की हो! मी काय वंगाळ बोललो?”

मला हे दुखणं ठाऊक होतं. लग्नाच्या वरातीचे माझे कितीतरी व्हिडिओ असेच मुके झाले होते. मी त्यांना सांगितलं, पैलवान येताना जे गाणं वाजतं, त्याचा मालक वेगळा आहे. गेमवाल्यांनी ते गेमपुरतं घेतलंय. आपण ते इंटरनेटवर टाकलं की साइटचं यंत्र गाणं ओळखतं आणि आवाज बंद करतं. गाण्याखाली तुमचा आवाज मिसळलेला, म्हणून तोही गेला.

“म्हंजे गव्हाबरोबर किडं रगडलं?”

“किड्याबरोबर गहू, मामा.”

ते हसले. अश्विनीने गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन गाणी बंद केली. आता पैलवान मुकाट्याने यायचा आणि मामा तोंडाने हलगी वाजवायचे. ते जास्तच बहारदार झालं.

दुसरा दणका मात्र वर्मी लागला.

त्या गेममध्ये एक मोठी गोष्ट होती. समुद्राकाठच्या गावातली एक मुलगी पैलवान होते, त्याची. मधे कुस्त्या आणि कुस्त्यांच्या मधे सिनेमासारखे लांब प्रसंग. अश्विनीने ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळली आणि सगळी चॅनेलवर टाकली. या भागांत मामा बोललेच नव्हते. तोंडावर हात ठेवून बघत राहिले होते. मी विचारलं तर म्हणाले, “पोरगी लढत हाय आन् मी मधे काय बोलू?”

थोड्याच दिवसांत निरोप आला. गेम बनवणाऱ्या कंपनीने तक्रार केली होती की त्यांची कथा परवानगीशिवाय जशीच्या तशी दाखवली आहे. व्हिडिओ काढून टाकले गेले, चॅनेलला कॉपीराइटचा इशारा मिळाला, आणि असे आणखी इशारे आले तर अख्खं चॅनेल बंद होईल असं खाली लिहिलेलं.

अश्विनीने ते मराठीत सांगितलं. मामांनी एकच विचारलं, “चोर म्हणले का मला?”

“तसं नाही अप्पा. ते सगळ्यांना असंच पाठवतात.”

“पण मतलब त्योच की.”

त्यांनी माईकची वायर गुंडाळली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिली. त्या आठवड्यात ते गल्लीच्या टोकापर्यंत आले नाहीत.

माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. त्यांना मी घरी घेऊन आलो. मामांनी त्यांना खुर्ची दिली आणि आरोपीसारखे ताठ बसले.

बाई म्हणाल्या, “मामा, आधी घाबरणं बंद करा. पोलीस येणार नाहीत. गेममधली चित्रं, गोष्ट, पात्रं कंपनीची. तुमचं बोलणं तुमचं. पण ते त्यांच्या चित्रावर चढवलेलं आहे, म्हणून गुंता आहे.”

“पण गेम आम्ही विकत घेतलाय,” अश्विनी म्हणाली.

“खेळायला घेतलाय. लोकांना दाखवायचा हक्क त्यात आपोआप येत नाही. कायदा थोडी मोकळीक देतो. एखाद्या कलाकृतीवर टीका करायची, परीक्षण करायचं, तर तिचा काही भाग दाखवता येतो. किती दाखवला, कशासाठी दाखवला, त्यावर स्वतःचं काय घातलं, हे बघतात. तुमच्या कुस्त्यांत मामा सतत बोलतात, तिथे आपल्याला बाजू मांडता येईल. गोष्टीचे भाग मात्र तुम्ही अख्खे टाकलेत, एक शब्द न बोलता. तिथे माझ्याकडे बोलायला फार काही नाही.”

“सगळे टाकतात, मॅडम. हजारो लोक टाकतात,” अश्विनी म्हणाली.

“बरोबर आहे. कारण बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. जाहिरात होते त्यांची. चालवून घेणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं.”

मामा म्हणाले, “बाई, मैदानात मी कधी कमिटीला न विचारता माईक हातात घेतला न्हाय. माती त्येंची, पैलवान त्येंचे. आपण नारळ घेऊन जायचं, इचारायचं, मग बोलायचं. हितली कमिटी कुटं बसती?”

बाई हसल्या. “कंपनीला मेल करता येईल. उत्तराची खात्री देत नाही.”

“मग इचारू. आन् ती गोष्ट टाकली ती आपली चूक, तेबी लिवू.”

अश्विनी एकदम उठली. “चूक कसली? त्या गोष्टीसाठीच मी गेम खेळत होते! अप्पा, लहानपणी तुम्ही मला एकदाही मैदानावर नेलं नाही. बायका येत नाहीत, म्हणायचात. शहरात मैदान असलं की मी गच्चीवर उभी राहून लांबून लाउडस्पीकर ऐकायचे, वारा इकडचा असला तर. पहिल्यांदा मैदानात उतरले ती ह्या टीव्हीत. आणि तुम्ही म्हणताय चूक.”

ती आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. वकीलबाईंनी पर्स आवरली, मीही उठलो. मामांनी हाताने आम्हाला बसवलं. तोंडातून शब्द फुटायला त्यांना वेळ लागला. इतक्या वर्षांत असं मी बघितलं नव्हतं.

“बाई, आदी हे लिवा,” ते म्हणाले. “आमची लेक कुस्ती खेळती, म्हून आमी बोलतो. हे पयलं लिवा. चुकीचं खाली लिवा.”

आत भांडी थांबली.

पत्र मामांनी मराठीत सांगितलं, माझ्या स्टुडिओच्या कंप्युटरवर वकीलबाईंनी इंग्रजीत केलं. पहिलं वाक्य ‘राम राम कमिटी’ असं होतं, ते बाईंनी नाइलाजाने सभ्य केलं. बाकी तसंच ठेवलं. माझी मुलगी खेळते आणि मी तिच्या कुस्तीचं निवेदन करतो. तुमची गोष्ट आम्हाला फार आवडली म्हणून अख्खी दाखवली, तसं दाखवायला नको होतं, परत दाखवणार नाही. कुस्त्या दाखवू द्याव्यात ही विनंती. खाली अश्विनीने सही केली, आणि तिच्या शेजारी मामांनी.

उत्तराची वाट बघण्यात बरेच आठवडे गेले. मामा रोज विचारत नसत, पण माझ्या दुकानासमोरून जाताना काठी जरा जोरात टेकायचे. मी नाही म्हणून मान हलवायचो. ते पुढे जायचे.

पण एक गोष्ट बदलली होती. दोघांनी खेळणं थांबवलं नव्हतं. व्हिडिओ काढायचा नाही, कुणाला दाखवायचं नाही, तरी संध्याकाळी अश्विनी मांडी घालून बसायची आणि मामा बोलायचे. आमच्या खिडकीतून ऐकू यायचं. आता ते तिला डाव शिकवत होते. ढाक कसा टाकतात, बगलडूब मारून पाठीमागे कसं जातात, हे कॉटवर बसून उशीवर करून दाखवायचे. गेममध्ये ते डाव नव्हते. अश्विनी ते उशीवरच शिकली.

उत्तर आलं ते छापील वाटावं असं होतं. स्वतः खेळलेल्या कुस्त्या स्वतःच्या बोलण्यासह दाखवायला हरकत नाही. गाणी नकोत. कथेचे प्रसंग सलग नकोत. गेमचं नाव लिहा, पण चॅनेल कंपनीचं आहे असं भासवू नका. तक्रार मागे घेत आहोत. आणि शेवटी, कुणीतरी हाताने जोडलेली एक ओळ होती. गडी पडला की तुम्ही एक शब्द मोठ्याने ओरडता, त्याचा अर्थ काय, आमच्याकडे सगळे विचारतात.

मी धावतच गेलो. अश्विनीने मेल वाचला, पुन्हा वाचला आणि शेवटच्या ओळीवर तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

“चितपट व्हय!” मामा म्हणाले. “सांगा त्यास्नी. चितपट म्हंजे दोनी खांदं मातीला टेकलं. आता हात द्यायचा आन् उठवायचं.”

वकीलबाईंनी फोनवर बजावलं की ही परवानगी आहे, कायमचा हक्क नव्हे. उद्या नियम बदलले तर पुन्हा बघावं लागेल. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. “जत्रंचं आवतान तरी कुटं कायमचं असतंय? दर साली नवंच की,” म्हणाले. मग मला विचारलं, “वायर हाय का टाकून दिली?”

चॅनेल परत सुरू झालं. ती समुद्राकाठची गोष्टही मामांनी सांगितली, पण आपल्या पद्धतीने. चित्र नाही, फक्त त्यांचा चेहरा आणि आवाज. गोष्ट कशी आहे, कुठे रडू येतं, कुठे लिहिणाऱ्याने घोळ केलाय, हे सगळं. अधेमधे चार क्षणांचा एखादा तुकडा, तोही त्याच्याबद्दल बोलत असतानाच. वकीलबाईंनी तो व्हिडिओ पाहून मला लिहिलं, ‘आता हे परीक्षण झालं.’ लोकांनी तो व्हिडिओ बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बघितला.

पुढच्या हंगामात मंद्रूपच्या पुढच्या एका गावाहून कमिटीची माणसं मामांकडे आली. त्यांची पोरं हे चॅनेल बघायची. या वर्षी जत्रेत मुलींच्याही कुस्त्या ठेवल्या होत्या आणि निवेदनाला मामाच हवे होते. “उभं ऱ्हावत न्हाय,” मामा म्हणाले. “खुर्ची टाकू की,” ते म्हणाले.

शूटिंगला मी गेलो. मैदान भरलेलं, बायकाही होत्या, एका कडेला दाटीवाटीने बसलेल्या. मामा पटका बांधून खुर्चीत, अश्विनी त्यांच्या मागे छत्री धरून. मुलींची मोठी जोड आली तेव्हा मामांनी माईक तोंडाशी धरला.

तुम्हाला माहीत असेल, मोठी कुस्ती लावायला मानाच्या माणसाला मैदानात बोलावतात. तो दोघा पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देतो. कुणी आमदार, कुणी सरपंच, कुणी जुना पैलवान. कमिटीने मामांच्या हातात नावाची चिठ्ठी दिली. मामांनी ती वाचली, नाव सरपंचांचंच होतं. मग ते शेजारी बसलेल्या सरपंचांच्या कानात काहीतरी बोलले. सरपंचांनी हसून मान डोलावली.

“ही कुस्ती लावायला येत्यात,” मामा म्हणाले, आणि थांबले. हलगी थांबली. “येत्यात, सोलापूरच्या अश्विनी. बिनमातीच्या मैदानात लई लढल्या. आता मातीत या.”

अश्विनी छत्री धरून तशीच उभी. मग तिने छत्री माझ्या हातात कोंबली. मी कॅमेरा धरू की छत्री! तिने चपला काढल्या आणि तांबड्या मातीत पाय ठेवला. दोन पावलं अगदी हळू, मग नीट चालत गेली. दोन्ही मुलींचे हात तिने धरले, एकमेकींच्या हातात दिले. त्यातली एक मुलगी तिच्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुमचा बार्शीवाला टकल्या कसा हाय?” माईक नसतानाही ते कडेपर्यंत ऐकू आलं. मैदान हसलं. मामा हसत नव्हते. खुर्चीत पुढे झुकून ते लेकीच्या पायांना लागलेली माती बघत होते.

त्याच वर्षी अश्विनीची बदली कुर्डुवाडीला झाली. रेल्वेचं घर मिळालं, मामाही गेले. सामानाच्या टेम्पोत पुढे बसून त्यांनी गल्लीचा निरोप घेतला. आता पाणी सोडायला एक नवा माणूस येतो. तो बोलत नाही, चावी फिरवतो आणि जातो. बायका म्हणतात, पाणी आलेलंच कळत नाही.

व्हिडिओ मात्र येत असतात. नव्या घराच्या खिडकीबाहेरच रूळ आहेत. ऐन कुस्तीत इंजिनाचा भोंगा घुमतो. मामा थांबतात, गाडी जाऊ देतात आणि पुढे सुरू करतात. मी फोन करून म्हटलं, तो भोंगा कापून टाकू का? “ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले, “पॅशिंजर हाय. पंढरपूरची.”

मी आपलं प्रत्येक व्हिडिओखाली बघतो. त्या भोंग्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.